संगणकीय शोध आणि ‘न सापडलेली’ साधने : सोलापूरच्या इतिहासलेखनाच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना :

गेल्या पंचवीस वर्षांत इतिहासाच्या अभ्यासकाच्या साधनांचे स्थान बदलले आहे. पूर्वी ज्या टिपणवह्या, नकला आणि छायाप्रती कपाटात असत, त्या आज संगणकाच्या फोल्डरमध्ये असतात. अभिलेखागारात घेतलेली छायाचित्रे, गॅझेटिअरच्या पीडीएफ प्रती, चर्चासत्रांतील निबंध, मुलाखतींची टंकलिखिते अशी शेकडो साधने एकाच यंत्रात साठत जातात. त्यांची संख्या वाढू लागली की कोणती गोष्ट कोठे आहे हे स्मरणात ठेवणे अशक्य होते आणि अभ्यासक संगणकाच्या अंगभूत शोधसुविधेवर विसंबतो. शोधपेटीत शब्द टंकावा आणि जे समोर येईल ते उघडावे, ही आता संशोधनाची रूढ रीत झाली आहे.

या रीतीत एक धोका आहे. जी फाइल संगणकात निश्चितपणे आहे तीही अनेकदा शोधात येत नाही. अशा वेळी पडद्यावर एवढेच दिसते की शोधाशी जुळणारे काही आढळले नाही. हे विधान यंत्राच्या सूचीविषयीचे असते. परंतु वाचणारा ते साधनाविषयीचे समजतो. पुढे तेच प्रबंधाच्या संशोधन आढाव्यात ‘या विषयावर साधने उपलब्ध नाहीत’ किंवा ‘या विषयावर पूर्वी संशोधन झालेले नाही’ अशा शब्दांत उतरते. एखाद्या बखरीत एखाद्या घटनेचा उल्लेख नाही म्हणून ती घटना घडलीच नाही, असे इतिहासाचा विद्यार्थी म्हणत नाही. अनुल्लेख हा पुरावा केव्हा ठरतो आणि केव्हा ठरत नाही, याचे शिक्षण त्याला मिळालेले असते. संगणकाच्या मौनाला मात्र ही कसोटी क्वचितच लावली जाते. ती कशी लावावी, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. संगणकाचा अंगभूत शोध अस्तित्वात असलेल्या फाइली का वगळतो, याची कारणे पायरीपायरीने स्पष्ट करणे.
२. मराठी मजकुराच्या बाबतीत उद्भवणाऱ्या विशेष अडचणी सोलापूरच्या इतिहासातील उदाहरणांच्या आधारे तपासणे.
३. महाविद्यालयीन अध्यापक व संशोधक यांना उपयोगी पडेल अशी शोधाची व नोंदीची पद्धत सुचविणे.

अभ्यासपद्धती :

विवेचन वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने केले आहे. संगणकाविषयीचे तपशील प्रामुख्याने विंडोज १० व विंडोज ११ या प्रणालींना लागू होतात. त्यामागील तत्त्वे इतर प्रणालींनाही लागू पडतात.

१. रुमालापासून सूचीपर्यंत :

साधन असणे आणि ते सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे महाराष्ट्राच्या इतिहाससंशोधनाला संगणकापूर्वीच ठाऊक होते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद हजारो रुमालांत बांधलेले होते. कागद सुरक्षित होते, परंतु त्यांत काय आहे हे कळण्याचा मार्ग अत्यंत अरुंद होता. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, तेव्हा मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासाला मोठी चालना मिळाली. त्याचबरोबर निवडीत जे आले ते परिचित झाले आणि जे रुमालातच राहिले ते अभ्यासकांच्या दृष्टीआड गेले. प्रत्येक सूची काही दाखविते आणि काही मागे ठेवते.

संगणकाचा शोधही सूचीवरच चालतो. आपण शब्द टंकल्यावर यंत्र संपूर्ण डिस्क वाचून पाहते, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. यंत्र फावल्या वेळात ठरावीक फोल्डरमधील फाइली वाचते, त्यांतील शब्द वेगळे करते आणि कोणता शब्द कोणत्या फाइलीत आहे याची सूची तयार ठेवते. ग्रंथाच्या अखेरीस असलेल्या नामसूचीसारखेच हे काम असते. आपण शोध घेतो तो या सूचीत. सूचीत जे नोंदले गेले नाही ते ग्रंथात असूनही सापडत नाही.

ही सुविधा टप्प्याटप्प्याने घडली. विंडोज २००० मध्ये सूचीकरणाची सेवा होती. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये फाइलीतील शब्द शोधण्याची सोय होती. परंतु ज्या प्रकारच्या फाइलीसाठी मजकूर वाचणारा घटक यंत्रात नोंदलेला नसे, ती फाइल शब्द असूनही वगळली जात असे. ॲपलने एप्रिल २००५ मध्ये ‘स्पॉटलाइट’ ही सुविधा आणली. जानेवारी २००७ मध्ये सर्वांसाठी विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टापासून सूचीवर आधारित शोध हा प्रणालीचा अविभाज्य भाग झाला. शोध वेगवान झाला, त्याबरोबर सूचीबाहेरच्या फाइलींचा विसर पडण्याची शक्यताही वाढली.

२. सूचीबाहेरच्या फाइली :

फाइल न सापडण्याचे पहिले कारण तिचे स्थान हे होय. विंडोजच्या नेहमीच्या म्हणजे ‘क्लासिक’ मांडणीत डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक आणि डेस्कटॉप एवढ्याच जागांची सूची होते. आपल्याकडे मात्र महत्त्वाचे काम ‘डी’ ड्राइव्हवर ठेवण्याची सवय आहे. यंत्र बिघडून पुन्हा प्रणाली टाकावी लागली तर ‘सी’ ड्राइव्हवरील सर्व काही पुसले जाते, या अनुभवातून ती पडली आहे आणि ती शहाणपणाचीच आहे. तथापि त्यामुळे संशोधनाचा सर्व संग्रह सूचीच्या बाहेर राहतो. अशा जागी शोध घेतल्यास यंत्र सामान्यतः फाइलींची केवळ नावे पाहते. आतील मजकूर पाहत नाही.

यासाठी पुढील तपासणी क्रमाने करावी. प्रथम, फाइल खरोखर त्या यंत्रात आहे काय, हे फोल्डर उघडून डोळ्यांनी पाहावे. नंतर ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ उघडून संग्रहाचे फोल्डर सूचीतील जागांमध्ये समाविष्ट आहे काय ते पाहावे. नसल्यास ‘मॉडिफाय’ येथून ते जोडावे. ‘एन्हान्स्ड’ मांडणी निवडल्यास संपूर्ण संगणकाची सूची होते, मात्र तिच्यातही वगळलेल्या फोल्डरांची यादी असते. ती पाहून घ्यावी. याच खिडकीत सूचीकरण पूर्ण झाले की चालू आहे, हेही दिसते. मोठा संग्रह नुकताच उतरविला असेल, तर सूची पूर्ण होईपर्यंतचा शोध अपुराच असतो. लॅपटॉप बॅटरीवर चालत असताना हे काम मंदावते.

त्यानंतर ‘ॲडव्हान्स्ड’ मधील ‘फाइल टाइप्स’ पाहावे. तेथे प्रत्येक प्रकारच्या फाइलीपुढे केवळ गुणधर्मांची सूची करावी की मजकुराचीही, असे दोन पर्याय असतात. पहिला पर्याय असेल तर फाइलीचे नाव सापडेल, आतील शब्द सापडणार नाही. फोल्डरच्या गुणधर्मांतही मजकुराच्या सूचीकरणास परवानगी देणारी स्वतंत्र खूण असते. ती काढलेली असल्यास संपूर्ण फोल्डरचा मजकूर शोधाबाहेर जातो. वनड्राइव्हसारख्या सेवेतील ज्या फाइली केवळ दूरच्या सर्व्हरवर आहेत आणि यंत्रावर उतरविलेल्या नाहीत, त्यांचा मजकूरही सूचीत येत नाही.

हे सर्व योग्य असूनही फाइल येत नसेल तर सूचीच दूषित झालेली असू शकते. ‘रिबिल्ड’ या आज्ञेने जुनी सूची पुसून नवी तयार करता येते. यात मूळ फाइलींना धक्का लागत नाही. मात्र मोठ्या संग्रहास काही तास लागतात. मॅक संगणकावर स्पॉटलाइटच्या वगळण्याच्या यादीत एखादा ड्राइव्ह घालून पुन्हा काढल्यास हाच परिणाम साधतो.

ज्या जागांची सूची करायची नाही त्यांच्यासाठी फोल्डरच्या पर्यायांत ‘नावे व मजकूर दोन्ही शोधावे’ अशी निवड आहे. ती वेळखाऊ आहे. परंतु निर्णायक तपासणीच्या वेळी तिचा अवलंब करावा.

३. फाइल आहे, परंतु मजकूर नाही :

दुसरे कारण फाइलीच्या स्वरूपात असते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा शोलापूर जिल्ह्यावरील विसावा खंड १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची पाने केवळ छायाचित्ररूपात असलेली पीडीएफ प्रत संगणकात असेल, तर माणूस ती वाचू शकतो, यंत्राच्या दृष्टीने मात्र ती चित्रांची चळत असते. अशा प्रतीवर अक्षरओळखीची म्हणजे ‘ओसीआर’ची प्रक्रिया केल्याशिवाय तिच्यातील एकही शब्द सूचीत येत नाही. प्रक्रिया झालेली आहे की नाही हे पाहण्याची सोपी रीत अशी की, पानावरील एखादी ओळ माऊसने निवडून पाहावी. ओळ निवडली जात नसेल तर आत मजकूर नाही.

मराठी अक्षरओळखीची साधने आता उपलब्ध आहेत. ‘टेसरॅक्ट’ या मुक्त प्रणालीतही मराठीची सोय आहे. तथापि जुन्या खिळ्यांची छपाई, झिजलेली जोडाक्षरे आणि पिवळा पडलेला कागद यांमुळे चुका राहतात. अशा प्रतीत शब्द सापडला तर तो पुरावा मानता येतो. सापडला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. मोडी कागदांच्या छायाचित्रांबाबत तर अंगभूत शोधाचा काहीही उपयोग नाही. अभिलेखागारात मोबाइलवर घेतलेल्या छायाचित्रांना कॅमेरा केवळ दिनांक व क्रमांक यांचे नाव देतो. तेथे अभ्यासकाने स्वतः लिहिलेले वर्णनपत्र हाच शोधाचा एकमेव आधार असतो.

‘शोधगंगा’ या प्रबंधकोशातून उतरविलेल्या फाइलींची स्थिती याहून विशेष वेगळी नाही. तेथे प्रबंध प्रकरणवार मिळतात आणि त्यांची नावे बहुधा ‘टायटल’, ‘कंटेंट्स’, ‘चॅप्टर’ व क्रमांक अशी असतात. पाच प्रबंधांची तिसरी प्रकरणे एकाच फोल्डरमध्ये जमा झाली की नावावरून कशाचाच बोध होत नाही. त्यातच प्रकरण छायाचित्ररूपात असेल तर मजकुरावरूनही होत नाही.

४. मजकूर आहे, परंतु संकेत वेगळा :

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. सन २००० च्या आसपासची दोन दशके महाराष्ट्रातील टंकलेखन श्री-लिपी, आकृती, कृतिदेव आणि सी-डॅकचे योगेश, सुरेख इत्यादी फॉन्टमध्ये होत असे. महाविद्यालयीन नियतकालिकांनी शोधनिबंध मागविताना यांपैकीच एखादा फॉन्ट ठरवून दिलेला असे आणि ही प्रथा युनिकोड आल्यानंतरही बराच काळ टिकली. या फॉन्टमध्ये अक्षर मराठी दिसते, परंतु संगणकाच्या स्मृतीत ते रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या जागांवर साठविलेले असते.

उदाहरणार्थ, कृतिदेवमध्ये टंकलेला ‘सोलापूर’ हा शब्द यंत्राच्या लेखी एल, के, एस, वाय, के, आय, डब्ल्यू, जे या आठ रोमन अक्षरांची निरर्थक मालिका असतो. ‘एल’च्या जागी स, ‘के’च्या जागी काना, ‘एस’च्या जागी मात्रा, अशी ती रचना आहे. अभ्यासक शोधपेटीत युनिकोडमधील सोलापूर टंकतो आणि यंत्र प्रामाणिकपणे सांगते की असा शब्द कोठेही नाही. शब्द शंभर पानांवर असला तरी उत्तर हेच मिळते.

भारतीय लिपींसाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ हे संकेतमानक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला स्वतंत्र स्थान मिळाले. विंडोज २००० पासून प्रणालीतच देवनागरी युनिकोडची सोय झाली. म्हणजे मार्ग उपलब्ध होता. मुद्रणव्यवसाय व टंकलेखनाची सवय मात्र जुन्याच वाटेने चालत राहिली. त्या काळातील स्मरणिका, गौरवग्रंथ, चर्चासत्रांची पुस्तके व प्रबंध यांच्या मूळ फाइली आज दुहेरी बंद आहेत. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आणि मांडणी पेजमेकरमध्ये. पेजमेकरची सातवी व अखेरची प्रमुख आवृत्ती २००१ ची. पुढे त्याचा विकास थांबला. अशा फाइलीतील मजकूर वाचणारा घटक विंडोजमध्ये नसतो.

येथे दोन उपाय संभवतात. पहिला तात्पुरता आहे. कृतिदेवमधील वर्डच्या फाइली शोधायच्या असतील तर ती रोमन मालिकाच शोधपेटीत टंकावी. इतर फॉन्टच्या बाबतीत जुन्या फाइलीतून शब्दाची प्रत घेऊन ती पेटीत चिकटवावी. मात्र त्यांतील चिन्हांमुळे शब्द मध्येच तुटू शकतो. दुसरा उपाय कायमचा म्हणजे युनिकोडमध्ये रूपांतर करण्याचा. रूपांतरात ह्रस्व वेलांटी, रफार व जोडाक्षरे यांच्या चुका होतात, म्हणून मुद्रित प्रतीशी ताडून पाहणे आवश्यक आहे. मूळ फाइल मात्र कधीही पुसू नये. तीच मूळ साधन होय.

५. संकेत एकच, परंतु लेखन वेगळे :

युनिकोड आल्याने प्रश्न संपत नाही. मे १९३० मध्ये महात्मा गांधींच्या अटकेनंतर सोलापुरात उठाव झाला आणि १२ मे रोजी शहरावर मार्शल लॉ पुकारण्यात आला. सोलापूरच्या आधुनिक इतिहासातील ही मध्यवर्ती घटना आहे. त्यातील ‘लॉ’ हे अक्षर दोन प्रकारे टंकले जाते. एका प्रकारात ‘ल’ नंतर ‘ॉ’ हे एकच चिन्ह येते. दुसऱ्या प्रकारात काना आणि चंद्र अशी दोन स्वतंत्र चिन्हे येतात. वाचणाऱ्याला फरक दिसत नाही, यंत्राला मात्र हे दोन भिन्न शब्द वाटतात. ‘ॲक्ट’ या शब्दातील पहिल्या अक्षराचीही हीच स्थिती आहे. मराठीसाठीचे स्वतंत्र ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली समाविष्ट झाले. तत्पूर्वी आणि नंतरही ‘अ’वर चंद्र देऊन, मध्ये अदृश्य जोडचिन्ह घालून किंवा ‘ऍ’ वापरून हे अक्षर लिहिले गेले आहे. ‘शेतकऱ्यांचा’, ‘अधिकाऱ्यांनी’ यांतील अर्धा र देखील दोन रीतींनी टंकता येतो. वर्षांच्या बाबतीत देवनागरी अंक आणि आंतरराष्ट्रीय अंक हे वेगळे संकेत असल्याने सनाचा शोध दोन्ही प्रकारे घ्यावा लागतो.

मराठीचे व्याकरणही शोधाच्या आड येते. यंत्र सामान्यतः शब्दाच्या आरंभापासून जुळवणी करते. ‘सोलापूर’ टंकल्यास ‘सोलापूरच्या’ सापडू शकते. परंतु सामान्यरूपात ‘पू’ चा ‘पु’ होत असल्याने ‘सोलापुरात’, ‘सोलापुरी’ ही रूपे निसटतात. यावर उपाय सोपा आहे. जेथे स्वर बदलतो त्याच्या आधी शब्द तोडावा आणि ‘सोलाप’ एवढेच टंकावे.

स्थलनामाच्या रूपांचा प्रश्न त्याहून जुना आहे. सिद्धरामेश्वरांच्या काळातील सोन्नलिगे, कन्नडमधील सोल्लापूर, वसाहतकालीन इंग्रजीतील शोलापूर आणि आजचे सोलापूर ही एकाच नगराची नावे आहेत. १८८४ च्या गॅझेटिअरवर शोलापूर आहे, तर महाराष्ट्र शासनाच्या १९७७ च्या गॅझेटिअरवर सोलापूर. इंग्रजी फाइलींत एकाच लेखनाने शोध घेणाऱ्याच्या हाती दोहोंपैकी एकच काळ लागतो.

व्यक्तिनामांबाबत हे अधिक गंभीर ठरते. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी देण्यात आली. कुर्बान की कुरबान, हुसेन की हुसैन, श्रीकिसन की श्रीकृष्ण, अशी ही नावे वेगवेगळ्या लेखनांत येतात आणि रोमन लिपीत तर त्यांचे पर्याय आणखी वाढतात. सोलापुरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्ये निधन पावले. मराठीत ते कोटणीस, १९४६ च्या हिंदी चित्रपटात कोटनीस आणि चिनी साधनांत के दिहुआ आहेत. यांपैकी एकाच रूपावर विसंबणारा अभ्यासक त्यांच्या चरित्राचा एकच भाग पाहू शकतो.

६. लेखन तेच, परंतु शब्द वेगळा :

अखेरचे कारण यंत्राच्या कक्षेबाहेरचे आहे. आजचा अभ्यासक आजच्या शब्दाने शोध घेतो, तर साधन त्या काळच्या शब्दात बोलते. सोलापूरकर जिला ‘जुनी मिल’ म्हणतात तिचे कागदोपत्री नाव शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी असे होते. ही गिरणी १९४९ मध्ये बंद पडल्यानंतर तिचा कारभार हाती घेण्यासाठी १९५० साली केंद्राने खास कायदा केला. त्यास आव्हान देणाऱ्या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५० मध्ये दिलेला निर्णय समानतेच्या हक्काच्या अभ्यासात आजही शिकविला जातो. तो भागधारकाच्या नावाने ओळखला जातो आणि ते नावही कोठे चिरंजितलाल, तर कोठे चरणजितलाल असे छापलेले आढळते. कामगारांच्या इतिहासाचा विद्यार्थी ‘जुनी मिल’ एवढेच शोधील, तर भारतीय संविधानाच्या इतिहासातील आपल्या गावचे हे पान त्याला दिसणार नाही.

यापेक्षा अधिक जिव्हाळ्याचा प्रश्न सेटलमेंटचा आहे. १८७१ च्या आणि त्यानंतरच्या कायद्यांन्वये अनेक जमातींना जन्माने गुन्हेगार ठरविण्यात आले व मुंबई इलाख्यात त्यांच्यासाठी कुंपणबंद वसाहती उभारण्यात आल्या. त्यांपैकी एक प्रमुख वसाहत सोलापुरात होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशपातळीवर रद्द झाला आणि ‘विमुक्त’ ही संज्ञा रूढ झाली. साहजिकच त्यापूर्वीच्या कागदांत ‘विमुक्त’ हा शब्द शोधल्यास काहीही मिळणार नाही. तेथे अपमानास्पद सरकारी संज्ञा आहेत, जमातींची इंग्रजी अधिकाऱ्यांनी ऐकून लिहिलेली नावे आहेत आणि ‘सेटलमेंट’ हा शब्द आहे. आजच्या संवेदनेला ते शब्द टंकणेही नकोसे वाटते. तथापि त्या शब्दांवाचून त्या माणसांपर्यंत पोहोचता येत नाही.

हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. महाराष्ट्रात विमुक्त व भटक्या जमातींच्या जातवैधतेसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा व नोंदींचा विचार होतो. एखाद्या कुटुंबाच्या मुलामुलींचा प्रवेश, शिष्यवृत्ती व नोकरी जुन्या दाखल्यातील एका ओळीवर अवलंबून असू शकते. नोंदी संगणकावर घेण्याचे काम जसजसे वाढेल, तसतसा ‘नोंद आढळत नाही’ हा शेराही संगणकाच्या शोधावरूनच दिला जाण्याचा संभव वाढेल. तो शेरा लिहिण्यापूर्वी कोणत्या लेखनाने, कोणत्या शब्दाने आणि कोठे शोध घेतला, हे विचारण्याचा अधिकार नागरिकाला असला पाहिजे. असा प्रश्न विचारण्याची सवय आपल्या वर्गांतून लागू शकते.

७. सुचविलेली कार्यपद्धती :

उपरोक्त विवेचनावरून पुढील पद्धत सुचविता येईल.

पहिली गोष्ट ज्ञात फाइलीच्या चाचणीची. महत्त्वाचा शोध घेण्यापूर्वी, अपेक्षित शब्द ज्या फाइलीत निश्चितपणे आहे अशी एक फाइल संग्रहात ठेवावी आणि ती सापडते काय ते पाहावे. ती सापडत नसेल तर इतर फाइलींविषयी यंत्राने दिलेला नकार निरुपयोगी ठरतो. सापडत असेल तर किमान स्थान व सूची यांविषयी खात्री पटते. स्कॅन केलेल्या प्रती व जुन्या फॉन्टमधील फाइली यांची अशी चाचणी स्वतंत्रपणे घ्यावी.

दुसरी गोष्ट पर्यायी रूपांच्या तक्त्याची. विषयातील प्रत्येक प्रमुख नावाची मराठी, इंग्रजी व कालपरत्वे बदललेली रूपे एका तक्त्यात नोंदवावीत. सोलापूरसारख्या मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू भाषकांच्या शहरात हा तक्ता एका लिपीचा असून चालणार नाही. संस्थांच्या बाबतीतही हेच लागू होते. सोलापुरातील महाविद्यालये २००४ पर्यंत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. त्या वर्षी सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१९ मध्ये त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. जिल्ह्याविषयीचे प्रबंध शोधताना तिन्ही नावे लक्षात घ्यावी लागतात.

तिसरी गोष्ट फाइलींच्या नावांची. सन, स्थळ, विषय व मूळ साधनाचा संदर्भ एवढे तरी नावात असावे. छायाचित्रांच्या व मोडी कागदांच्या प्रत्येक संचाबरोबर युनिकोडमधील एक वर्णनपत्र ठेवावे.

चौथी गोष्ट शोधाच्या नोंदीची. प्रबंधात ‘साधन आढळले नाही’ असे लिहिताना कोणत्या संग्रहात, कोणत्या दिनांकास, कोणत्या शब्दरूपांनी शोध घेतला हे एका परिच्छेदात नमूद करावे. अभिलेखागारातील फाइल क्रमांक जसा दिला जातो, तसाच हा तपशील द्यावा. मार्गदर्शकांनी त्याचा आग्रह धरल्यास पुढील संशोधकाला तेच काम पुन्हा करावे लागणार नाही.

निष्कर्ष :

१. संगणकाचा अंगभूत शोध साधनांचा नसून सूचीचा शोध असतो. फाइलीचे स्थान, तिचा प्रकार आणि सूचीची पूर्णता यांची तपासणी केल्याशिवाय त्याचा नकार ग्राह्य धरू नये.
२. स्कॅन केलेली पाने, मोडी कागद आणि पेजमेकरमधील मांडणी यांच्यापर्यंत हा शोध स्वतःहून पोहोचत नाही.
३. युनिकोडपूर्व फॉन्टमधील मराठी मजकूर यंत्राच्या दृष्टीने मराठी नाहीच. त्या काळातील महाविद्यालयीन संशोधनाचा मोठा भाग यामुळे अदृश्य होण्याच्या मार्गावर आहे. त्याचे रूपांतर व जतन हे प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे तातडीचे काम मानले पाहिजे.
४. युनिकोडमध्येही एकाच दिसणाऱ्या अक्षराचे अनेक संकेत, सामान्यरूपे व पर्यायी लेखन यांमुळे शब्द निसटतात. शब्दाचा स्थिर भाग तोडून शोधणे व पर्यायांचा तक्ता ठेवणे हे त्यावरील व्यवहार्य उपाय होत.
५. साधनाचा शब्द आणि आजचा शब्द यांतील अंतर यंत्र भरून काढू शकत नाही. ते काम विषय जाणणाऱ्या अभ्यासकाचेच राहते.

समारोप :

सोलापूरच्या इतिहासाची साधने अनेक लिपींत, अनेक नावांखाली आणि अनेक काळांच्या भाषेत विखुरलेली आहेत. त्यांतील गिरणी कामगार, विणकर, हुतात्मे आणि सेटलमेंटमधील कुटुंबे यांच्याविषयीचे कागद आधीच विरळ आहेत. जे उरले आहेत ते संगणकात सुरक्षित असूनही शोधाअभावी हरवू नयेत, यासाठी शोधपेटीतील रिकाम्या उत्तराकडे पाहण्याची दृष्टी बदलावी लागेल. ते उत्तर हाती आल्यावर चौकशी थांबवू नये. स्थान, स्वरूप, संकेत, लेखन आणि शब्द या पाच पायऱ्यांवर ती पुन्हा सुरू करावी. इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातील संशोधनपद्धतीच्या विषयात या तपासणीला काही तासिका दिल्यास साधनचिकित्सेच्या जुन्याच परंपरेचा तो योग्य विस्तार ठरेल.